मातीचे मोल

आपल्या भाषेत मातीविषयी दोन परस्परविरोधी भावना दिसून येतात. एखादी वस्तू अगदी क्षुल्लक किमतीला विकली गेली, की आपण म्हणतो, 'ती मातीमोल झाली.' हाती घेतलेले काम बिघडले, की 'सगळ्याची माती झाली' असे उद्गार सहज तोंडातून बाहेर पडतात. पण हीच भाषा बोलणारा शेतकरी आपल्या जमिनीला 'काळी आई' म्हणतो. पेरणीच्या दिवशी तिफणीची पूजा करून मगच तो बियाण्याची पहिली मूठ सोडतो, आणि नागपंचमीच्या दिवशी जमिनीला नांगर लावीत नाही. मग खरे काय? माती कवडीमोलाची, की आईसारखी पूज्य? मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर माती कशी जन्मते, ती काय काय करते आणि ती आपल्या हातून कशी निसटते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मातीचा जन्म

गावात नवी विहीर खणली जात असेल, तेव्हा काठाशी सावधपणे उभे राहून तिच्या भिंतीकडे पाहा. किंवा घाटातून प्रवास करताना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे नजर टाका. सर्वांत वर गवताच्या मुळ्यांनी विणलेला गडद रंगाचा थर दिसतो. त्याखाली मुरूम असतो. मुरमाखाली अर्धवट फुटलेला, ठिसूळ दगड आणि त्याच्याही खाली अखंड काळा कातळ. हे थर म्हणजे मातीची जन्मकथाच होय. मात्र ती खालून वर वाचावी लागते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या भूमीवर जमिनीतील भेगांतून तप्त लाव्हारसाचे लोट पुनःपुन्हा बाहेर आले. ते थंड होऊन काळा अग्निज खडक तयार झाला. या खडकाला बेसॉल्ट असे म्हणतात. आपले सह्याद्रीचे कडे आणि आपले गडकोट याच खडकावर उभे आहेत. दिवसा ऊन आणि रात्री गारवा यांमुळे खडक प्रसरण आणि आकुंचन पावतो व त्याला बारीक चिरा पडतात. चिरांत पावसाचे पाणी शिरते आणि खडकातील द्रव्ये हळूहळू विरघळवू लागते. त्यावर दगडफूल उगवते, शेवाळ धरते. पुढे गवताची एखादी काडी रुजते आणि तिची नाजूक मुळे कठीण कातळात वाट काढतात. गवत वाळते, कुजते व खडकाच्या भुग्यात मिसळते. अशा रीतीने दगडाचा मुरूम आणि मुरमाची माती होते.

एकाच खडकापासून झाली, तरी माती सर्वत्र सारखी नसते. देशावर पाऊस बेताचा, म्हणून तेथे या खडकापासून कापसाची काळी माती झाली. ती ओल धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात. कोकणात मात्र धो धो पाऊस पडतो. त्याने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह मागे राहिले. म्हणून तेथील जांभ्याची माती तांबडी दिसते. नदीकाठच्या मळईत माती पुरुषभर खोल असते, तर माळरानावर ती जेमतेम वीतभर असते. त्या वीतभर थरावरच कित्येक घरांच्या भाकरीची भिस्त असते.

या कामाला वेळ किती लागतो? तुमच्या बोटाच्या एका पेराएवढा, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. पुष्कळ ठिकाणी तर हजार वर्षेही लागतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्यानंतर साडेतीन शतके उलटली. परंतु तेवढ्या काळात अनेक ठिकाणी निसर्गाला एक पेरभर मातीही पुरती घडविता आलेली नाही.

मातीच्या पोटात

माती म्हणजे दगडाचा निर्जीव चुरा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. चांगल्या मातीचे ढेकूळ घेतले, तर त्याचा सुमारे निम्मा भागच घन पदार्थांचा असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे बारीक बारीक पोकळ्या होत. त्यांत पाणी आणि हवा खेळत असते. घन भागातही खनिज कणांबरोबर कुजलेला पालापाचोळा, शेण, मुळे यांचा अंश असतो. या अंशाला सेंद्रिय द्रव्य म्हणतात. त्याचे प्रमाण थोडेच असते. पण मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणे, ओल साठविणे आणि जमिनीचा कस टिकविणे ही कामे तेच करते.

चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. आपण टाकलेला कचरा कुजवून ते त्याचे वनस्पतींच्या अन्नात रूपांतर करतात. तूर किंवा हरभऱ्याचे झाड अलगद उपटून पाहा. त्याच्या मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. त्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पकडून पिकाला पुरवितात. गांडुळाचे कार्य तर विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. चार्ल्स डार्विन या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील पुष्कळ भागांत एका एकरात दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असे त्याने दाखवून दिले. ज्याला आपण य:कश्चित प्राणी समजून पायाखाली तुडवितो, तो खरे म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी नांगऱ्याच आहे.

आपल्या अन्नापैकी सुमारे ९५ टक्के अन्न या ना त्या रूपाने मातीतूनच येते. भाकरी आणि भात मातीतून येतात, हे उघडच आहे. पण दूधही गवतातून, म्हणजे पर्यायाने मातीतूनच येते. अंगावरचा सुती सदरा कापसाच्या शेतातून आलेला असतो. विहिरीचे पाणीदेखील मातीने पावसाळ्यात शोषून खाली जिरविलेले पाणीच असते.

धूप म्हणजे काय?

वारा आणि वाहते पाणी यांमुळे मातीचा वरचा थर सुटून वाहून जातो, याला जमिनीची धूप म्हणतात. धूप ही आजची गोष्ट नव्हे. डोंगर झिजले, नद्यांनी गाळ वाहून आणला, म्हणूनच सुपीक मैदाने तयार झाली. निसर्गाच्या राज्यात माती झिजते आणि नवी माती घडतही असते. जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. संकट उद्भवते ते खर्च जमेहून अनेक पटींनी वाढला म्हणजे.

पाण्याने होणारी धूप चार पायऱ्यांनी होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने उघड्या जमिनीवर आदळतो. त्या आघाताने मातीचे कण सुटे होतात आणि चोहोकडे उडतात. पावसाळ्यात घराच्या भिंतीवर खालच्या बाजूला चिखलाचे शिंतोडे तुम्ही पाहिलेच असतील. ही 'उसळी धूप' होय. सुटे झालेले कण मग उतारावरून पसरत जाणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात. भाजीची साल काढावी, तद्वत साऱ्या शेतावरून मातीचा पातळ पापुद्रा निघतो. ही 'सालकाढी धूप'. पुढे तेच पाणी सखल जागी एकत्र येऊन बोटभर, हातभर खोलीचे ओघळ पाडते. ही 'ओघळपाडी धूप'. ओघळांकडे दुर्लक्ष झाले, की त्यांच्या घळी होतात. त्यांत नांगर चालत नाही आणि बैलही उतरू शकत नाही. ही 'घळपाडी धूप'. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत चंबळ नदीच्या काठी अशा घळींचे अफाट जाळे पसरलेले आहे. तिकडे त्यांना 'बीहड' म्हणतात.

यांपैकी सर्वांत घातक धूप कोणती? तुम्ही म्हणाल, घळपाडी. परंतु घळ डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस जागा होतो. सालकाढी धूप मात्र दिसतच नाही. आपण एक हिशेब करून पाहू. एका एकर शेतावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर सुमारे पाच टन माती गेली असे होते. एका बैलगाडीत एका खेपेला अर्धा टन माती मावते असे धरले, तर दहा गाड्या भरतील. कोणी दिवसाढवळ्या शेतातून दहा गाड्या माती नेऊ लागला, तर शेतकरी काठी घेऊन धावेल. पाऊस मात्र तेवढीच माती एका हंगामात नेतो, आणि बांधावर उभ्या असलेल्या धन्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा हिशेब काल्पनिक नाही. १९८३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आपल्या देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते. हेक्टरी हे प्रमाण १६ टनांहून अधिक पडते, म्हणजेच सरासरीने एक मिलिमीटरहून थोडा जास्त थर. त्यांतील सुमारे २९ टक्के माती कायमची समुद्रात जाते. सुमारे १० टक्के माती धरणांत साचते. उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते. आता मागचा हिशेब आठवा. पेरभर माती घडविण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. आणि या वेगाने ती हलण्यास पंचवीस वर्षेही लागत नाहीत.

धूप का वाढते?

उघडी जमीन हे धुपीचे पहिले कारण होय. झाडाची पाने पावसाचा मारा झेलतात, पालापाचोळा त्याचा जोर मोडतो आणि मुळे मातीला घट्ट धरून ठेवतात. झाडे तोडली, म्हणजे जमिनीच्या डोक्यावरची छत्री आणि पायाखालचा आधार ही दोन्ही एकाच वेळी जातात. दुसरे कारण बेसुमार चराई. गुरे आणि शेळ्यामेंढ्या वर्षभर एकाच माळावर चरत राहिल्या, तर गवताला वाढण्यास सवडच मिळत नाही. शिवाय खुरांनी माती सुटी होते. तिसरे कारण उताराच्या दिशेने केलेली नांगरट. अशा शेतात नांगराचे प्रत्येक तास म्हणजे पाण्याला पळून जाण्यासाठी आयते खोदून दिलेले पाटच होत. चौथे कारण म्हणजे जमिनीला शेणखत, कंपोस्ट न देणे. सेंद्रिय द्रव्य घटले, की कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि पहिल्याच वळवाच्या सरीत माती विरघळून निघते.

वाऱ्याने होणाऱ्या धुपीचे भयंकर उदाहरण अमेरिकेत घडले. तेथील मध्यभागी विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गव्हाच्या लागवडीसाठी लाखो एकर गवत नांगरून काढण्यात आले. १९३० नंतर अनेक वर्षे अवर्षण पडले. पिके करपली आणि उघडी, भुसभुशीत माती वाऱ्यावर स्वार झाली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी उठलेल्या धुळीच्या वादळाने भरदिवसा काळोख केला. तो दिवस तेथे 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. हजारो कुटुंबे घरदार सोडून परागंदा झाली. ह्यू बेनेट हे मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षे धोक्याची सूचना देत होते. धुळीचे लोट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत येऊन पोचले, तेव्हा त्यांच्या म्हणण्याकडे सर्वांचे लक्ष गेले, आणि २७ एप्रिल १९३५ रोजी तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला.

माती राखण्याचे उपाय

आपल्याकडे हा विचार त्याहूनही आधी मांडला गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सरकारला अशी सूचना केली होती, की फौजेतील व पोलिसांतील फाजील लोकांकडून जागोजाग तालीवजा बंधारे बांधवून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मगच ओढ्यानाल्यांस मिळेल. पुढे १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. कमी पावसाच्या प्रदेशात ओल आणि माती कशी राखावी, याचा तेथे अभ्यास झाला. १९४२ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा करण्यात आला आणि बांधबंदिस्तीच्या कामांना चालना मिळाली. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो स्त्रीपुरुषांनी दुष्काळी कामांवर खपून बांध घातले, पाझर तलाव खोदले.

या सर्व उपायांचे मर्म एकच आहे. धावत्या पाण्याला चालायला लावावे, चालत्या पाण्याला थांबवावे, आणि थांबलेल्या पाण्याला जमिनीत जिरवावे. म्हणून डोंगराच्या माथ्याकडे समतल चर खोदतात, म्हणजे पाणी खाली येण्यापूर्वीच अडते. शेतात समपातळीवर बांध घालतात. कोकणात व घाटमाथ्यावर उताराच्या पायऱ्या करून भातखाचरे बांधतात. या कामाला मजगी म्हणतात. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करतात, त्यामुळे प्रत्येक तास हा एक छोटासा बांध होतो. उंच पिकांच्या जोडीला मटकी, हुलगा यांसारखी जमीन झाकणारी पिके पट्ट्यापट्ट्यांनी घेतात. बांधावर गवत लावतात.

हे उपाय एका गावाने मनावर घेतले, तर काय घडते, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दाखवून दिले आहे. हे गाव अवर्षणप्रवण भागात आहे. डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटत होत्या आणि पोटासाठी लोक गाव सोडून जात होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरावर समतल चर खणले, झाडे लावली. मोकाट चराई आणि झाडतोड बंद केली. जास्त पाणी लागणारी उसासारखी पिके घ्यायची नाहीत, असा नियम करून तो पाळला. माती जागेवर राहिली, तशी पाण्याची पातळी वर आली, चारा वाढला, दूध वाढले. आणि गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परतली. पाऊस मात्र पूर्वीइतकाच बेताचा आहे.

वाहून गेलेली माती थोडीफार परतही आणता येते. तलावांत व धरणांत साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून तो शेतांत पसरण्याची योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली. तलावाची साठवण वाढते आणि हलक्या जमिनीला कस येतो, असा तिचा दुहेरी लाभ आहे. परंतु समुद्राला मिळालेली माती काही परत आणता येत नाही. म्हणून ती शेतातच राखणे, हे शहाणपणाचे.

करून पाहा

सारख्या आकाराची दोन पसरट खोकी घ्या. दोन्हींत सारखीच माती भरा. एकात गवताचे बी पेरून ते दाट उगवू द्या. दुसरे उघडेच ठेवा. मग दोन्ही खोकी एका बाजूने सारखीच उचलून विटांवर टेकवा. खालच्या बाजूला एकेक काचेचा पेला ठेवा आणि झारीने सारखेच पाणी शिंपडा. कोणत्या पेल्यात पाणी अधिक जमले? कोणत्या पेल्यातील पाणी गढूळ आहे? पेले रात्रभर तसेच ठेवून सकाळी तळाशी बसलेला गाळ मोजा.

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार ५ डिसेंबर हा दिवस 'जागतिक मृदा दिन' म्हणून पाळण्यात येतो. त्या दिवशी हा प्रयोग शाळेत सर्वांसमोर करून दाखवावा. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला तांबडे किंवा काळे पाणी आले, म्हणजे पुलावर उभे राहून नुसता पूर पाहू नका. ते पाणी कोणाच्या शेतातून आले असेल आणि ते तेथेच कसे थोपविता आले असते, याचाही विचार करा. तो विचार तुमच्या मनात आला, म्हणजे 'मातीमोल' हा शब्द उच्चारताना तुमची जीभ क्षणभर अडखळेल.

शब्दार्थ

मळई – नदीकाठची गाळाची सुपीक जमीन. भिस्त – मदार, भरवसा. य:कश्चित – क्षुल्लक. तद्वत – त्याप्रमाणे. परागंदा होणे – देशोधडीला लागणे. अवर्षण – पाऊस न पडणे. मृदसंधारण – मातीचे रक्षण. ताल – उतारावर पाणी व माती अडविण्यासाठी घातलेला बांध. मर्म – मुख्य तत्त्व.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे द्या.
(अ) देशावरील माती काळी आणि कोकणातील माती तांबडी का असते?
(आ) लेखकाने गांडुळाला 'बिनपगारी नांगऱ्या' का म्हटले आहे?
(इ) सालकाढी धूप ही घळपाडी धुपीहून अधिक घातक का?

२. पाण्याने होणाऱ्या धुपीच्या चार पायऱ्या क्रमाने सांगा.

३. तुमच्या शेताला किंवा शेजारच्या शेताला उतार कोणत्या दिशेने आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारा. तेथे पाणी अडविण्यासाठी काय केले आहे, हे आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : मातीमोल होणे, माती होणे, मातीशी इमान राखणे.

५. 'माती, मुरूम, गाळ, रेती, चिखल' यांसारखे आणखी पाच शब्द घरातील मोठ्या माणसांना विचारून जमवा व प्रत्येकाचा अर्थ लिहा.